वाचकांचे प्रश्न : इथली वस्तू नेमकी किती इथली?

स्थानिक मालाच्या खरेदीविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. त्यांतली बरीच पत्रे अभिमानाने लिहिलेली आहेत आणि त्यात गैर काहीच नाही. उत्तरे देताना मी मात्र हिशेबाची बाजू धरली आहे. कारण पैसा कोणाच्या हाती जातो आणि धूर, सांडपाणी, कचरा कोणाच्या वाट्याला येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे दर वेळी एकाच बाजूला पडतात असे नाही.

प्रश्न : शंभर रुपये गावातल्या दुकानात खर्च केले काय किंवा मॉलमध्ये केले काय, पैसा शेवटी देशातच फिरतो. मग स्थानिक खरेदीचा वेगळा फायदा तो कोणता? (एक वाचक, लातूर)

उत्तर : पैसा फिरतो हे खरेच आहे, पण बाहेर पडण्यापूर्वी तो आपल्या परिसरात किती हातांतून जातो, यावर परिसराचा फायदा ठरतो. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात २००२ मध्ये झालेल्या एका अभ्यासाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. शहरातल्याच मालकाच्या दुकानात खर्च झालेल्या १०० डॉलरांमागे सुमारे ४५ डॉलरांची उलाढाल स्थानिक अर्थव्यवस्थेत होत होती, तर देशभर शाखा असलेल्या पुस्तकविक्री कंपनीच्या दुकानाबाबत हा आकडा १३ डॉलरांच्या आसपास होता. मालकाचा नफा, हिशेबनिसाचे शुल्क, छपाईची आणि दुरुस्तीची कामे शहरातच राहत असल्यामुळे हा फरक पडत होता. हे आकडे उचलून लातूरला लावणे चुकीचे ठरेल. शिवाय तो अभ्यास दुकान कोणाच्या मालकीचे आहे याविषयी होता, पुस्तक कुठे छापले याविषयी नव्हता. आपल्याकडे या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मोठ्या कंपनीचा साबण घेतला, तर गावात फक्त दुकानदाराचा नफा राहतो, आणि अशा मालावर तो जेमतेमच असतो.

याउलट आपल्याच भागातील घाण्यावरून करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल घेतले तर काय होते, ते पाहा. तेलबिया तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या, घाणा चालवणारा गावातला, डबे भरणारे गावातले आणि राहिलेली पेंड गावातल्याच गोठ्यात. घाण्यातून तेल पुरेपूर निघत नाही, ही त्याची उणीव मानली जाते आणि त्यामुळे तेल महाग पडते, हेही खरे; पण न निघालेले तेल पेंडीत राहते आणि पेंड जनावरांच्या पोटात जाते, म्हणजे ते वाया जात नाही. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक, साधारण ५५ ते ६० टक्के खाद्यतेल आयात करतो आणि त्यात इंडोनेशिया-मलेशियातून येणाऱ्या पामतेलाचा वाटा मोठा आहे. अशा स्थितीत घाण्याच्या तेलाचा एक डबा म्हणजे शेतकरी, घाणेवाला आणि दूधवाला अशा तीन घरांशी झालेला व्यवहार असतो. करडईला पाणीही फारच कमी लागते. जमिनीत साठलेल्या ओलीवर रब्बीत येणारे हे पीक आहे. मराठवाड्यात याहून वेगळे कारण सांगायची गरज पडू नये.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात कापूस पिकतो. मग इथल्या दुकानात मिळणारा सुती शर्ट स्थानिक म्हणायचा की नाही? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : बहुतेक वेळा नाही. शर्टाचा प्रवास मागे जाऊन पाहिला की याचे कारण लक्षात येते. शेतातून निघालेला कापूस जिनिंगला जातो. तिथे सरकी वेगळी होते आणि ढोबळमानाने एक तृतीयांश वजनाची रुई उरते. तिच्या १७० किलोंच्या गाठी बांधल्या जातात आणि इथेच आपल्या जिल्ह्याचा संबंध बहुधा संपतो. गाठी तमिळनाडू, गुजरात किंवा अन्य राज्यांतील गिरण्यांकडे रवाना होतात. सूत, कापड, रंगाई, शिलाई ही पुढची सगळी कामे तिकडे होतात आणि शर्ट घडी घालून, पिशवीत बंद होऊन परत येतो.

आता पैशाचा हिशेब करू. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण पाव किलो कापड लागते. सूतकताई आणि कापणीतली घट धरली तरी त्यामागे किलोभर कापूस पुरतो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये आहे. म्हणजे हमीभाव मिळालाच, तर हजार रुपयांच्या शर्टामागे शेतकऱ्याच्या हाती जेमतेम ऐंशी रुपये पडतात, आणि त्यातूनच बी-बियाणे, फवारणी आणि वेचणीची मजुरी भागवायची असते. उरलेल्या ९२० रुपयांतली शेवटच्या दुकानदाराची कमाई तेवढी यवतमाळात राहते. बाकीची बाहेर जाते. हा दोष शर्ट विकत घेणाऱ्याचा नाही. कापूस पिकतो तिथे सूतगिरण्या आणि माग टिकले नाहीत, हे त्याचे मूळ आहे. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात राज्यात पिकणाऱ्या कापसावर राज्यातच प्रक्रिया होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्टातला हा पहिला आकडाच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

ही तक्रार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत जाई आणि कापड होऊन परत येई. जमशेटजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरात काढली, त्यात कापसाची जवळीक हे एक मोठे कारण होते. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच सुमारास, राणी व्हिक्टोरियाला 'भारताची सम्राज्ञी' जाहीर करण्यासाठी भरलेल्या दिल्ली दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादीचा पोशाख करून हजर होते. एकीकडे सम्राज्ञीच्या नावाची गिरणी आणि दुसरीकडे तिच्याच दरबारात हातमागाचे कपडे, असा तो योग होता. आणि दोन्ही वाटांमागे कापूस इथला तर कापडही इथलेच, हाच विचार होता. पुढे १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी या विचाराला अर्थशास्त्राची शिस्त दिली. कच्चा माल जिथे तयार होतो तिथेच त्याच्यावर हात फिरला पाहिजे, ही त्यांची मांडणी यवतमाळच्या शर्टाला आजही लागू पडते. आपल्याला खरोखर जवळचे कापड हवे असेल, तर वर्धा-सेवाग्राम परिसरात विदर्भाच्या कापसाचे हातसुताचे आणि नैसर्गिक रंगांचे कापड मिळते. ते महाग असते, पण त्यातल्या कोणत्या कामाचे किती पैसे झाले, हे विचारले तर सांगणारे लोकही तिथे भेटतात.

प्रश्न : महाराष्ट्रात तयार झालेली वस्तू घेतल्यास कराचा पैसा महाराष्ट्राला मिळतो, असे आमच्या गटात सांगितले जाते. हे बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातला राज्याचा वाटा माल जिथे वापरला जातो त्या राज्याकडे जातो. नाशिकच्या ग्राहकाने नाशिकची वस्तू घेतली किंवा लुधियानाची घेतली, तरी दर तोच असेल तर महाराष्ट्राचा वाटा सारखाच राहतो. उलट, वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असलेल्या बहुतेक छोट्या माल-उत्पादकांना या कराची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे त्यांच्याकडच्या खरेदीवर हा कर लागतच नाही. स्थानिक खरेदीचा फायदा मजुरीत, कच्च्या मालाच्या खरेदीत आणि नफ्यात शोधावा. कराचा मुद्दा गटातून काढून टाकलेला बरा, नाहीतर एखादा चार्टर्ड अकाउंटंट भेटला की बाकीचे चांगले मुद्देही त्याच्याबरोबर वाहून जातील.

प्रश्न : जवळची वस्तू घेतली की वाहतूक वाचते आणि प्रदूषण कमी होते, असे आपण मुलांना शिकवतो. ते कितपत खरे आहे? (एक शिक्षिका, पुणे)

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे मुलांना सांगायला अधिक मनोरंजक आहे. अन्नाविषयी अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अन्नामुळे होणाऱ्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा मिळून वाटा ११ टक्के होता, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा वाटा अवघा ४ टक्के. बाकीचे बहुतेक उत्सर्जन शेतात आणि गोठ्यात, म्हणजे पिकवण्याच्या पद्धतीतच होते. ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्याने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात तर असे दिसले की, ब्रिटनमध्ये तापवलेल्या काचघरात वाढवलेल्या टोमॅटोपेक्षा स्पेनहून ट्रकने आणलेल्या टोमॅटोचे उत्सर्जन कमी भरते. तिथे जवळचा टोमॅटो हवेला महाग पडतो.

आपल्याकडे काचघरे तापवावी लागत नाहीत, पण आपला टोमॅटो म्हणजे ऊस आणि साखर. साखर पूर्णपणे इथली, कारखाना सहकारी, मालक शेतकरी. अर्थकारणाच्या कसोटीवर याहून स्थानिक वस्तू सापडणे अवघड. तरीही राज्याच्या लागवडीखालील जमिनीचा अगदी थोडा भाग व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा घेतो, आणि त्यातला बराच ऊस दुष्काळी पट्ट्यातच उभा असतो. त्याच पट्ट्यातल्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी काळ्या जमिनीच्या ओलीवर येते. दोन्ही स्थानिकच, फरक पाण्याचा.

वाहतुकीचा मुद्दा निकालात निघत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. वस्तू जितकी जड आणि स्वस्त, तितका तिच्या बाबतीत अंतराचा भार मोठा. म्हणून विटा, दगड, फरशी, माठ, बाटलीबंद पाणी यांच्या बाबतीत जवळची निवड पर्यावरणाला निश्चित उपयोगी पडते. कोकणातला जांभा याचे उत्तम उदाहरण आहे. खाणीतून कापून काढला की चिरा तयार. भाजण्यासाठी भट्टी लागत नाही आणि बांधकाम दहा-वीस किलोमीटरवर असते. खाणी बेबंद वाढल्यास डोंगर उघडे पडतात, हा त्याच्या उलट बाजूचा भाग. पण दुरून मागवलेल्या संगमरवराशी तुलना केल्यास जांभ्याचे पारडे जड राहते. याउलट घड्याळ, मसाला, पुस्तक अशा हलक्या वस्तूंच्या बाबतीत ट्रकचा वाटा नगण्य असतो, आणि किलोभर आंबेमोहोर आणायला आपण स्वतः मोटार काढून तीस किलोमीटर गेलो, तर ट्रकमधल्या टनभर मालाने वाचवलेले डिझेल आपणच उडवतो. मुलांना एक प्रयोग द्या : घरातल्या चार वस्तू निवडून, त्या बनवताना काय जळले, किती पाणी लागले आणि वापर संपल्यावर त्या कुठे गेल्या, हे शोधायला सांगा. किलोमीटर मोजायचे सर्वांत शेवटी.

प्रश्न : आम्ही दर वर्षी पेणची गणेशमूर्ती आणतो. शाडूची स्थानिक आणि प्लास्टरची परकी, असे समजावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कच्चा माल पाहिला तर दोन्ही बाहेरच्या आहेत. महाराष्ट्रात वापरली जाणारी शाडू माती मुख्यतः गुजरातेतून येते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या जिप्समपासून बनते ते प्रामुख्याने राजस्थानातले. पेण आणि त्याच्या आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांत ज्याचे मोल होते ते काम म्हणजे साचा, हातावरचे काम, रंग आणि सर्वांत अवघड अशी डोळ्यांची आखणी. हे काम दोन्ही मूर्तींवर तिथलेच कारागीर करतात, तेव्हा मजुरीचा पैसा दोन्हीकडून पेणलाच पोहोचतो. प्लास्टरची मूर्ती लवकर वाळते, हलकी असते, वाहतुकीत फुटत नाही आणि एका साच्यातून भराभर निघते. म्हणून पेणच्या कारखान्यांचा व्याप वाढला तो प्लास्टरवरच, हे त्यांची अडचण समजून घेताना विसरू नये.

फरक विसर्जनानंतर पडतो. प्लास्टर पाण्यात महिनोन्‌महिने विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये अशा मूर्ती बनवण्यास वाट मोकळी केली, पण नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन परवानगीविना करता येणार नाही, असे बजावले. शाडूही अगदीच निर्दोष नाही. हजारो मूर्तींचा गाळ एका तळ्यात गेला तर तळे उथळ होते, आणि रासायनिक रंग मातीच्या मूर्तीवरही असतातच. शाडूची फुटाच्या आतली मूर्ती, कमी रंग, घरी बादलीत विसर्जन आणि उरलेली माती परत मूर्तिकाराकडे, एवढे जमले तर पेणचे काम आणि खाडीचे पाणी दोन्ही सांभाळले जाईल. मूर्तिकाराला शाडूसाठी थोडे अधिक पैसे द्यावे लागतात, कारण वाळवण्याला दिवस लागतात आणि फूटही जास्त होते. तिथे घासाघीस करू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : कोल्हापुरी चप्पल आमच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या बनते. मग ती आमची की कोल्हापूरची? आणि ती खरेच पर्यावरणाला चांगली असते का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : कायद्याने ती दोघांची आहे. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात, म्हणजे वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशाशी जोडणाऱ्या कायदेशीर नोंदीत, महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. कोल्हापूरच्या बाजारात विकला जाणारा पुष्कळ माल अथणी-निपाणी भागात तयार होतो, हे तिथल्या व्यापाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांनाही ठाऊक असते. कारागिरीने राज्यांच्या सीमा पाळलेल्या नाहीत आणि मानांकनाने ते मान्य केले, ही मला त्यातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते.

परंपरेने हे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते. कोल्हापुरी पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून तिच्यात हे पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. पाणी आतून बाहेर झिरपते आणि कातडे मुरत जाते. त्यानंतर तळ कापणे, कान लावणे, पट्टा आणि अंगठा बसवणे, वेणी गुंफणे ही कामे हातांनी होतात. वेणीचे आणि नक्षीचे काम बहुतेक घरांत बायका करतात. शिलाई चामड्याच्याच वादीने होते, खिळा लागत नाही. त्यामुळे झिजलेला तळ बदलता येतो, तुटलेला अंगठा परत बसवता येतो आणि एक जोड काही वर्षे सहज चालतो. जगातले बरेचसे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते आणि त्याचे सांडपाणी नीट हाताळले नाही तर नदीला फार महागात पडते. वनस्पतीने कमावलेल्या चामड्यात हे जड धातू नसतात. पाणी त्यालाही भरपूर लागते आणि ते सांडपाणीही प्रक्रिया न करता सोडणे योग्य नव्हे. तेव्हा खरे श्रेय टिकाऊपणाला आणि दुरुस्तीला द्यावे. वर्षभरात कचऱ्यात जाणाऱ्या रेक्झिनच्या तीन जोडांशी तुलना केली तर कोल्हापुरी किमतीतही जड जात नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने अगदी अशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला त्यांचे मूळ सांगितले नाही, तेव्हा आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. नंतर कंपनीने कोल्हापुरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. संताप रास्तच होता. पण त्याच काळात आपल्या रस्त्यांवर 'कोल्हापुरी' नावाने कृत्रिम चामड्याच्या, यंत्राने चिकटवलेल्या चपलांचे ढीग विकले जात होते, त्याविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. कारागिराचे पोट त्या ढिगांनी अधिक मारले आहे.

प्रश्न : खरी स्थानिक वस्तू ओळखायची कशी? सोलापुरी म्हणून घेतलेली चादर दुसऱ्याच राज्यातली निघाली. (एक वाचक, परभणी)

उत्तर : बंद पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा. 'उत्पादक', 'पॅकिंग करणारा' आणि 'विपणन' या तीन ओळींत तीन वेगळी गावे असू शकतात, आणि दर्शनी भागावर ठळकपणे मिरवणारे गाव बहुधा विपणनवाल्याचे असते. आयात मालावर मूळ देशाचा उल्लेख असावा लागतो. ऑनलाइन खरेदीतही तो दाखवणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आवश्यक केले आहे. कापडासाठी हातमागाची 'हँडलूम मार्क' आणि खादीची 'खादी मार्क' अशी चिन्हे आहेत. सोलापुरी चादरीवर मात्र हातमागाचे चिन्ह शोधू नका, कारण ती आज बहुतांशी यंत्रमागावर विणली जाते. तिला स्वतंत्र भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचे चिन्ह व सोलापूरच्या कारखान्याचा पत्ता या दोन खुणा पाहाव्यात. पावती मागावी आणि तिच्यावर 'सोलापुरी चादर' असे लिहून घ्यावे. खोटा माल विकणारा दुकानदार तेवढ्यावरच चाचरू लागतो.

पैठणीच्या बाबतीत एक खुलासा करतो, कारण त्यावरही पत्रे आली आहेत. येवल्याच्या अस्सल पैठणीचे रेशीम मुख्यतः कर्नाटकातले आणि जर सुरतेची असते. म्हणून ती खोटी ठरत नाही. महिनोन्‌महिने मागावर बसून पदरावरचा मोर विणणारे हात येवल्याचे असतात, आणि किमतीचा मोठा भाग त्या बैठकीचा असतो.

प्रश्न : स्थानिक वस्तू महाग असतात. मध्यमवर्गाने हा भुर्दंड किती दिवस सोसायचा? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : जिथे तो नुसता भुर्दंड आहे, तिथे सोसू नये. वाईट शिवलेली पिशवी बचत गटाची आहे म्हणून एकदा घेतली जाते, दुसऱ्यांदा नाही, आणि त्यात नुकसान गटाचेच होते. पण महागाईमागे दर वेळी कारागीर नसतो. उदबत्तीच्या बांबूच्या काड्यांवरील आयात शुल्क २०११ मध्ये ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले आणि व्हिएतनाम-चीनहून काड्यांचा ओघ सुरू झाला. इथे काड्या काढणाऱ्यांचे काम गेले. २०२० मध्ये शुल्क २५ टक्के करण्यात आले. मधल्या नऊ वर्षांत इथली काडी 'महाग' ठरली, ती तासणाऱ्याच्या हातामुळे नव्हे, तर राजपत्रातल्या एका ओळीमुळे.

याची दुसरी बाजूही मुंबईकराने ध्यानात घ्यावी. जो तो आपल्याच जिल्ह्यातले घेऊ लागला, तर नाशिकची द्राक्षे आणि देवगडचा हापूस खाणार कोण? भारतातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांचा बहुतांश भाग महाराष्ट्रातला आहे आणि ती नेदरलँड्ससारख्या देशांत जातात. दुसऱ्याने आपले घ्यावे आणि आपण कोणाचेच घेऊ नये, हा हिशेब जमणारा नाही. घरखर्चात एकदम बदल करण्यापेक्षा तेल, धान्य, चपला आणि वर्षातून एखादे कापड एवढ्यांपासून सुरुवात करावी. मोबाइल, औषधे, विजेची उपकरणे यांत जिल्हा शोधत बसू नये. तिथे दुरुस्ती करून देणारा माणूस जवळ आहे का, ते पाहावे.

प्रश्न : दिवाळीला आम्ही महाराष्ट्रातल्या महिला गटाकडून फराळ कुरियरने मागवतो. गटाला मदत होते, पण पर्यावरणाच्या दृष्टीने हे कसे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : गटाच्या दृष्टीने उत्तम, आणि हवेच्या दृष्टीने या अंकातली सर्वांत महाग खरेदी. तेवढेच वजन तेवढ्याच अंतरावर नेताना विमान बोटीच्या सुमारे पन्नासपट उत्सर्जन करते, आणि चकली-चिवडा हा वजनाला हलका पण डब्यात भरपूर जागा अडवणारा माल आहे. गटाकडून फराळाऐवजी चकलीची भाजणी, अनारशाचे पीठ, मेतकूट, गोडा मसाला अशा टिकणाऱ्या वस्तू मागवता येतील. आपल्या भागातील मंडळाने उन्हाळ्यातच एकत्रित मागणी नोंदवली, तर माल निर्यातदारामार्फत बोटीने पोहोचू शकतो, आणि प्रत्येक घराचा कुरियरचा खर्च वाचतो तो वेगळाच. भाजणी दळण्यात आणि मसाला भाजण्यातच गटाची खरी कमाई असते, ती यात बुडत नाही. करंज्या आणि चकल्या तिथेच तळाव्यात. त्या विमानाने आल्या तरी निम्म्या मोडलेल्याच पोहोचतात.